आपल्याच क्लबशी पगाराचा खटला : एनएचएलमधली फ्री एजन्सी आणि लवाद

२०२३च्या उन्हाळ्यात बर्फावरच्या हॉकीतल्या बोस्टन ब्रुइन्स या क्लबचा गोलरक्षक जेरेमी स्वेमन पगारासाठी लवादाकडे गेला. समोरचा पक्ष म्हणजे त्याचाच क्लब. हंगाम तर असा गेला होता की कुणीही खूश व्हावं. ब्रुइन्सनी ८२पैकी ६५ सामने जिंकून लीगचा विक्रम केला होता आणि सगळ्यात कमी गोल खाल्ल्याबद्दलची विल्यम जेनिंग्ज ट्रॉफी स्वेमन आणि त्याचा जोडीदार लिनस उल्मार्क या दोघांना मिळाली होती. स्वेमनने मागितले ४८ लाख डॉलर. क्लबने २० लाख सुचवले. लवादाने दिले ३४ लाख ७५ हजार, आणि तेही एका वर्षापुरते.

अशा सुनावणीला खेळाडू स्वतः हजर असतो. ज्या क्लबसाठी तो दोन-तीन महिन्यांपूर्वी खेळला आणि दोन महिन्यांनी पुन्हा खेळणार आहे, त्याच क्लबची माणसं त्याच्या देखत मांडणी करतात की हा गडी मागतोय तेवढ्या पैशांच्या लायकीचा का नाही. आकडे, टक्केवारी, दुखापती, ढिसाळ सामने, सगळं बाहेर येतं. पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, असं स्वेमनने नंतर उघडपणे सांगितलं. मग ही वाट मुळात आहे कशाला?

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. नॅशनल हॉकी लीग, एनएचएल, ही तिची सगळ्यात मोठी लीग. अमेरिकेत २५ आणि कॅनडात ७ असे ३२ क्लब. फुटबॉलसारखी इथे क्लबाने क्लबाला रोख पैसे मोजून खेळाडू विकत घेण्याची रीत नाही. नवा खेळाडू ड्राफ्टमधून येतो, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी एखादा क्लब त्याचं नाव उच्चारतो आणि तिथून पुढे लीगमध्ये त्याच्याशी बोलणी करायचा हक्क फक्त त्या क्लबचा. खेळाडूला यात मत नाही. पहिला करारही ठरीव साच्याचा. अठरा ते एकवीस वयात सही केली तर तीन वर्षांचा, आणि मूळ पगाराला वरची मर्यादा. पहिल्याच वर्षी गोलांचा पाऊस पाडला तरी ती मर्यादा हलत नाही.

पूर्वी हे बंधन जन्मभराचं होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारायचा प्रयत्न केला, तर क्लबने त्याची थेट शिकागोला रवानगी केली; शिकागो तेव्हा तळाला रखडणारा संघ होता. आजची खेळाडू संघटना उभी राहिली १९६७ मध्ये. पण खरा धक्का बसला १९७२ साली, वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली तेव्हा. तिच्यातल्या विनिपेग जेट्सनी बॉबी हलला साडेसत्तावीस लाख डॉलरचा करार देऊन शिकागोतून उचललं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर मालाची किंमत कळते, ती अशी. त्यानंतरच्या कोर्टकज्ज्यांत जन्मभराच्या हक्काची ती जुनी तरतूद मोडीत निघाली.

आजची रचना २००५ची आहे. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५चा अख्खा हंगाम रद्द झाला. एकही सामना नाही, स्टॅनली कप म्हणजे लीगचं अजिंक्यपदही नाही. तडजोड झाली तेव्हा खेळाडूंनी चालू करारांतल्या पगारात २४ टक्के कपात सोसली आणि प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, मान्य केली. पहिल्या वर्षी ही कॅप ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ला ती ९ कोटी ५५ लाखांवर गेली. बदल्यात मोकळं होण्याचं वय टप्प्याटप्प्याने ३१वरून २७वर आलं. आता ३० जूनपर्यंत वयाची २७ वर्षं भरली किंवा लीगमध्ये सात हंगाम झाले, की करार संपताच खेळाडू १ जुलैपासून पूर्ण मोकळा, म्हणजे फ्री एजंट. कुठेही जा, जुन्या क्लबला भरपाईचा छदामही नाही. जॉन टवारेस २०१८ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स सोडून टोरंटोला गेला तो असाच, सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख डॉलर घेऊन. आयलँडर्सच्या हाती काही लागलं नाही.

खरी गंमत त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत आहे. पहिला करार संपला आहे पण सत्तावीसला अवकाश आहे, अशा खेळाडूला रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात. नावात फ्री आहे, पण दोरी क्लबच्या हातात. जुन्या पगाराच्या आसपासची एक वर्षाची लेखी ऑफर, क्वालिफाइंग ऑफर, क्लबने वेळेत दिली की त्याच्यावरचा हक्क कायम राहतो. ऑफर दिलीच नाही, तर तोही १ जुलैला मोकळा.

दुसऱ्या क्लबला असा खेळाडू हवा असेल तर एक आडवाट आहे, ऑफर शीट. बाहेरच्या क्लबने कराराचा प्रस्ताव द्यायचा, खेळाडूने सही करायची, मग जुन्या क्लबला सात दिवस: तोच करार जसाच्या तसा स्वीकारून खेळाडू ठेवा, किंवा त्याला सोडून भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या निवडी घ्या. आयपीएल पाहणाऱ्यांना हे राइट टू मॅच कार्डासारखं वाटेल. २०२५च्या हंगामाआधीच्या लिलावात ऋषभ पंतसाठी दिल्लीने ते कार्ड काढलं, लखनौने बोली पावणेएकवीस कोटींवरून थेट २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने हात वर केले. फरक एवढाच की आयपीएलमध्ये हे सगळ्यांसमोर, हातोड्याच्या साक्षीने घडतं. एनएचएलमध्ये ऑफर शीट म्हणजे शेजाऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं मानलं जातं आणि त्याचा राग वर्षानुवर्षं राहतो. २०१९ साली माँट्रियलने कॅरोलायनाच्या सेबास्टियन आहोला ऑफर शीट दिली. कॅरोलायनाने करार स्वीकारून त्याला ठेवलं आणि दोन वर्षांनी माँट्रियलच्या येस्पेरी कोटकानिएमीला ६१ लाखांची ऑफर शीट देऊन खरोखर पळवलं. त्या करारात सहीचा बोनस होता २० डॉलर. वीस हा आहोच्या जर्सीचा नंबर. इतका क्षुद्र आणि इतका मजेदार सूड व्यावसायिक खेळात क्वचितच सापडेल.

तर बाहेरची मागणी अशी अडखळत येते. मग चोवीस वर्षांच्या चांगल्या खेळाडूची किंमत ठरवायची कुणी? बाजार नाही आणि क्लबच्या मर्जीवरही सोडायचं नाही, म्हणून लवाद.

लवादाकडे जायचा हक्क पहिल्या दिवसापासून मिळत नाही. अठरा ते वीस वयात पहिली सही केलेल्याला चार वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. उशिरा सही केलेल्याला कमी. लवाद हे लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून नेमलेले असतात. जुलैच्या सुरुवातीला अर्ज, मग जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सुनावण्या. दोन्ही बाजू आपले आकडे लेखी देतात, आणि सुनावणीनंतर ४८ तासांत निकाल. मुदतीचा नियम मला फार आवडतो: अर्ज एकाने केला तर निकाल एक वर्षाचा की दोन वर्षांचा हे दुसऱ्याने ठरवायचं. अर्ज क्लबलाही करता येतो, पण एका खेळाडूच्या कारकिर्दीत एकदाच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही पगाराचा लवाद आहे, पण तिथे दोनपैकी एकच आकडा निवडावा लागतो. मधला मार्ग नाही. त्यामुळे कुणी अवास्तव आकडा टाकायला धजत नाही. हॉकीत लवादाला दोन आकड्यांच्या मधला कुठलाही आकडा देता येतो. परिणाम काय? खेळाडू जरा चढवून मागतो, क्लब जरा उतरवून सांगतो आणि निकाल मध्याच्या आसपास लागतो. स्वेमनच्या प्रकरणात मध्य होता ३४ लाख. मिळाले ३४ लाख ७५ हजार. त्याच उन्हाळ्यात टोरंटोच्या इल्या सामसोनोवने ४९ लाख मागितले, क्लबने २४ लाख सुचवले आणि निकाल आला ३५ लाख ५० हजार. म्हणजे पुष्कळदा खरी लढाई सुनावणीत नसते. मध्यबिंदू कुठे पडेल हे ठरवणारे दोन आकडे लिहितानाच ती होऊन गेलेली असते.

आता पुराव्याचे नियम. इथे थांबून बघण्यासारखं बरंच आहे. चालतं काय? खेळाडूची कामगिरी, किती सामने खेळला, दुखापती, क्लबसोबतची वर्षं, संघाच्या यशापयशातला वाटा, नेतृत्व, प्रेक्षकांमधली लोकप्रियता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुलनेचे खेळाडू आणि त्यांचे पगार. चालत नाही काय? व्हिडिओ, वर्तमानपत्रांची कात्रणं, कुणाची शिफारसपत्रं, आधीच्या बोलण्यांत कुणी किती देऊ केलं होतं ते, क्लबची आर्थिक स्थिती, सॅलरी कॅपमध्ये किती जागा उरली आहे ते. बर्फावरच्या वेगाचा, अंगावर काटा आणणाऱ्या सेव्हचा एकही क्षण तिथे दाखवता येत नाही. खेळ आकड्यांत उतरवून मांडायचा.

आणि सगळ्यात मोठी मेख: पूर्ण मोकळं झाल्यावर कुणी केलेला करार तुलनेला चालत नाही. स्वेमनचा जोडीदार उल्मार्क २०२१ मध्ये फ्री एजंट म्हणून बोस्टनला आला होता, वर्षाला ५० लाख डॉलरवर. तोच क्लब, तीच जाळी, दोघांनी मिळून जिंकलेली तीच ट्रॉफी. पण बाजारात ठरलेला तो ५० लाखांचा आकडा स्वेमनला दाखला म्हणून पुढे करता येत नव्हता. तुलना फक्त स्वतःसारख्याच दोरीने बांधलेल्यांशी. लवाद खेळाडूला न्याय देतो, पण अर्ध्या बाजाराकडे पाठ करून. मला तरी हे या पद्धतीतलं सगळ्यात वादग्रस्त कलम वाटतं. मालकांची बाजूही समजून घ्यावी. फ्री एजंटचे आकडे आत आले तर सत्तावीसपर्यंत थांबवून ठेवायच्या नियमाला अर्थच उरणार नाही.

दर उन्हाळ्यात डझन-दोन डझन खेळाडू अर्ज करतात, पण सुनावणीपर्यंत पोचणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचे करार आधीच होतात, पुष्कळदा अगदी आदल्या दिवशी. म्हणून लवादाचा परिणाम निकालांच्या यादीत शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. तो दिसतो न झालेल्या सुनावण्यांत. तारीख पडली की दोघांनाही अंदाज असतो निकाल साधारण कुठे येईल, आणि तो अंदाजच बोलणी पुढे नेतो. ज्याला लवादाचा हक्क अजून मिळालेला नाही, त्याच्याकडे करारावर सही न करता घरी बसणं एवढंच हत्यार. आणि १ डिसेंबरपर्यंत सही झाली नाही तर त्या हंगामात खेळताच येत नाही, हा नियम क्लबच्या बाजूने काम करतो. हक्क असलेला आणि नसलेला, सारख्याच गुणवत्तेच्या दोन खेळाडूंच्या पगारात म्हणूनच तफावत पडते.

मनावरचा परिणाम मोजता येत नाही, पण किस्से आहेत. १९९०च्या दशकात आयलँडर्सचे जनरल मॅनेजर माइक मिलबरी यांनी सुनावणीत आपला गोलरक्षक टॉमी सालो याच्या खेळाची अशी काही चिरफाड केली की तो रडला, ही गोष्ट हॉकीच्या जगात आजही सांगितली जाते. गोलरक्षकांचीच उदाहरणं जास्त येतात हा योगायोग नसावा. बचावपटूची चूक पाच जणांत वाटली जाते. गोलरक्षकाची चूक म्हणजे थेट फलकावर चढलेला गोल, आणि असं मोजलेलं अपयश कागदावर मांडायला सोपं.

स्वेमनची पुढची गोष्ट बघा. २०२४च्या उन्हाळ्यात तो लवादाच्या वाटेलाच गेला नाही. सराव शिबिरालाही आला नाही. क्लबचे अध्यक्ष कॅम नीली पत्रकारांसमोर बोलून गेले की मी असतो तर खेळायला ६ कोटी ४० लाख कारणं होती; रोख डॉलरच्या आकड्याकडे होता. शेवटी हंगामाला दोन दिवस उरले असताना ८ वर्षांचे ६ कोटी ६० लाख ठरले. एका वर्षाच्या ३४ लाख ७५ हजारांवरून वर्षाला साडेब्याऐंशी लाख. एवढं करून पुढचा हंगाम त्याच्यासाठी सुमारच गेला. शिबिर चुकल्यामुळे असेल, नसेलही.

मधल्या फळीतल्या खेळाडूंसाठी मात्र हे हत्यार उलटू शकतं. अर्ज खेळाडूने केला असेल आणि निकालाची रक्कम एका ठरावीक मर्यादेच्या वर गेली, तर क्लब चक्क पाठ फिरवू शकतो. खेळाडू तत्क्षणी मोकळा होतो, पण ऑगस्टमध्ये, जेव्हा बहुतेक क्लबचे पैसे वाटून झालेले असतात. २०१० साली शिकागो ब्लॅकहॉक्सनी स्टॅनली कप जिंकला तेव्हा जाळीत अँटी निएमी होता. काही आठवड्यांनी लवादाने त्याला साडेसत्तावीस लाख डॉलर दिले. कॅपमध्ये अडकलेल्या शिकागोने निकाल नाकारला आणि १३ लाखांत मार्टी टर्कोला आणलं. निएमी सॅन होजेला गेला २० लाखांवर. खटला जिंकला आणि साडेसात लाख हरला. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सनी निकोलाय झेर्देवचा ३९ लाखांचा निकाल असाच सोडून दिला, तो सरळ रशियाला परतला. याहूनही सावध क्लब सुनावणीची वेळच येऊ देत नाहीत. लवाद महागात पडेल असं वाटलं की क्वालिफाइंग ऑफरच द्यायची नाही. शिकागोनेच २०२२ मध्ये डिलन स्ट्रोमला ऑफर न देता सोडलं. तो वॉशिंग्टनला गेला, एका वर्षाच्या करारावर नशीब आजमावलं आणि त्याच हंगामात ५ वर्षांचे अडीच कोटी मिळवले. सगळ्यांचं असं होत नाही.

हे पैसे कुणाच्या खिशातून जातात, हेही बघायला हवं. २०१३च्या करारापासून लीगच्या हॉकी-उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा, निम्मा मालकांचा. खेळाडूंचे पगार मिळून निम्म्याच्या वर गेले तर पगारातून आधीच राखून ठेवलेली रक्कम मालकांना परत जाते. म्हणजे एखाद्याला लवादाने पाच लाख जास्त दिले, तर अखेरीस ते बऱ्याच अंशी इतर खेळाडूंच्याच वाट्यातून आलेले असतात. मालक विरुद्ध खेळाडू असा दिसणारा हा खटला आतून तरुण खेळाडू विरुद्ध वयस्क खेळाडू असाही असतो. संघटनेला दोन्ही सांभाळायचे असतात, त्यामुळे ती याविषयी मोठ्या आवाजात बोलत नाही.

सगळे धागे एकत्र बघायचे तर शे वेबर. नॅशव्हिलचा कर्णधार, लीगमधल्या सर्वांत भेदक फटक्यांपैकी एक त्याचा. २०११ मध्ये नॅशव्हिलनेच त्याच्याविरुद्ध लवादाकडे अर्ज केला. कारण चलाखीचं होतं: प्रकरण लवादाकडे गेलं की त्या उन्हाळ्यात दुसरा कुणी ऑफर शीट देऊ शकत नाही. क्लबने सुचवले साडेसत्तेचाळीस लाख, वेबरने मागितले ८५ लाख, लवादाने दिले ७५ लाख; इतकी मोठी रक्कम तोवर कुठल्या लवादाने दिली नव्हती. अर्ज क्लबचा, म्हणून मुदत निवडायचा हक्क वेबरचा, आणि त्याने निवडलं एक वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात क्लबकडे लवादाची ढाल उरली नव्हती. ती एकदाच वापरता येते. त्यातच ४ जुलै २०१२ला त्याचा जोडीदार रायन सूटर फ्री एजंट म्हणून १३ वर्षांचे ९ कोटी ८० लाख घेऊन मिनेसोटाला गेला. मग फिलाडेल्फियाने वेबरला ऑफर शीट दिली, १४ वर्षं, ११ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी ६० लाख पहिल्या चार वर्षांतच. नॅशव्हिलसारख्या लहान बाजारपेठेच्या क्लबला हे झेपणार नाही, हाच हिशोब होता. नॅशव्हिलने दात-ओठ खात करार स्वीकारला. एका उन्हाळ्याची चलाखी भलतीच महागात पडली.

तिकडे माँट्रियलमध्ये पी. के. सुबान २०१४ला लवादासमोर बसला. त्याने ८५ लाख मागितले होते, क्लबने साडेबावन्न लाख सुचवले होते. सुनावणी झाली, पण निकाल यायच्या आत क्लबने ८ वर्षांचे ७ कोटी २० लाख देऊन करार केला, म्हणजे वर्षाला ९० लाख, मागितल्यापेक्षाही जास्त. २०२० मध्ये नियम बदलला. आता सुनावणी सुरू झाली की तडजोड बंद. सुबानच्या करारात बदली न करण्याचं कलमही होतं, पण असं कलम खेळाडू फ्री एजन्सीला पात्र ठरतो त्या वर्षापासूनच लागू होऊ शकतं. त्याचं लागू होणार होतं १ जुलै २०१६ला. २९ जूनला माँट्रियलने त्याला नॅशव्हिलला देऊन टाकलं, आणि बदल्यात घेतला शे वेबर.

वेबर शेवटचा सामना खेळला २०२१च्या स्टॅनली कप फायनलमध्ये. पाय आणि घोटा साथ देईनात. पण ऑफर शीटचा तो करार २०२५-२६पर्यंतचा होता. शेवटच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष पगार उरला होता वर्षाला फक्त १० लाख, तर कॅपच्या हिशोबात तो अजूनही ७८ लाखांच्या वर धरला जायचा. लीगमध्ये पगारखर्चाला खालचीही मर्यादा आहे, त्यामुळे कमी पैशांत ती गाठायला असा कागद क्लबना उपयोगाचा वाटतो. तो कागद माँट्रियलहून व्हेगासला, तिथून ॲरिझोनाला, ॲरिझोनाचा क्लब उठल्यावर युटाला आणि मार्च २०२५मध्ये शिकागोला गेला. माँट्रियलनंतरच्या एकाही क्लबसाठी वेबर बर्फावर उतरला नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा तो कागदोपत्री युटाचा चालू खेळाडू होता.